बाबांनी फेअर केलेला अर्ज

‘विश्वसनीय सूत्रांकडून असे समजते की, आपल्या कार्यालयात एक जागा रिकामी आहे.’ हे वाक्य आजही कुठे दिसलं तर माझं डोकं सणकतं. कसली डोंबलाची विश्वसनीय सूत्रं? जाहिरात पेपरात छापून आली होती, रविवारच्या अंकात, चांगली चौकट घालून. अर्ध्या नागपूरनं चहा पिता पिता वाचली असेल. पण बाबांच्या मते अर्ज असाच सुरू करायचा असतो. साहेबाच्या खोलीत एकदम घुसायचं नाही, आधी दारात उभं राहून खाकरायचं, असं ते म्हणत. आणि शेवट काय, तर ‘या उपकाराबद्दल मी आपल्या दीर्घायुष्यासाठी आजन्म प्रार्थना करीत राहीन.’ अरे वा! तो माणूस शेतीचे पंप विकतो, मी त्याचे हिशेब लिहिणार, तो मला पगार देणार. यात प्रार्थना कुठून आली? मी नोकरी मागत होते, भीक नाही.

बाबा जुन्या सचिवालयात कारकून होते. नागपूरची राजधानी गेली तेव्हा त्यांच्याबरोबरचे बरेच जण मुंबईला गेले. बाबा गेले नाहीत. इथल्याच एका लहानशा ऑफिसात त्यांनी बाकीची नोकरी काढली आणि निवृत्त झाले. पण सचिवालय काही त्यांच्या अंगातून निघालं नाही. आमच्या महालातल्या दोन खोल्यांच्या घरात पत्र लिहायचं तरी आधी कच्चा मसुदा, मग त्यावर लाल शाईनं दुरुस्ती, मग फेअर, म्हणजे पक्की प्रत, आणि मग सही. मावशीला संक्रांतीचं पत्र लिहायचं असलं तरी हेच. त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं आणि त्यांना ते माहीत होतं. गल्लीतल्या कोणाच्याही पोराला नोकरीचा अर्ज करायचा असला की ते पोरगं आमच्या ओट्यावर येऊन बसायचं. बाबा त्याला काय येतं, हे कधी विचारत नसत. वडील काय करतात, घरात खाणारी तोंडं किती, हे विचारायचे. अर्जात तेच जायचं.

हे सगळं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं. मी बी.कॉम. झाले होते आणि सदरमधल्या एका ग्राहक भांडारात हिशेब लिहीत होते. भांडार म्हणजे साखर, तेल, रेशनबाहेरचं कापड. काम तात्पुरतं होतं, पण मला ते फार आवडायचं. संध्याकाळी रोकड जुळली की मला असं बरं वाटायचं की सायकलवरून घरी येताना मी गुणगुणत यायची. घरी आलं की मात्र आईनं साडी काढून ठेवलेली. कोणीतरी बघायला यायचं असायचं. अमरावतीचे, भंडाऱ्याचे, कधी गल्लीतलेच. पाट, पोहे, नाव काय, स्वयंपाक येतो का, जरा चालून दाखव. चालून दाखव! मी रोज महालातून सदरपर्यंत सायकल मारत होते आणि यांना मी चालते की नाही याचा पुरावा पाहिजे होता.

तर त्या जाहिरातीसाठी मी बाबांकडून शब्द घेतला होता. कामठी रोडवरच्या त्या कंपनीत हिशेबनीस पाहिजे होता, कायमचा. मी म्हटलं, “बाबा, ही नोकरी लागली तर दोन वर्षं मला कोणी बघायला येणार नाही. बोला.”

बाबांनी चष्मा काढून पुसला. “लागली तर येणार नाही. शब्द दिला.”

मला त्या दोन वर्षांत पुढची परीक्षा द्यायची होती, आणि मुख्य म्हणजे मला श्वास घ्यायचा होता. माझं सगळं त्या एका अर्जावर होतं.

मी माझा मसुदा स्वतः केला. अर्ज इंग्रजीतून करायचा होता. इथे मराठीत सांगते. मी लिहिलं की मी ग्राहक भांडाराचे हिशेब एकटीने सांभाळते. भांडारातल्या साखरेचा साठा आणि विक्री जुळत नव्हती, तो घोळ मी शोधला. पोती मोजली जात होती पण फाटक्या पोत्यांतली साखर वेगळी विकली जाऊन कुठेच लिहिली जात नव्हती. आता ती लिहिली जाते. मला टायपिंग येतं. आपण म्हणाल त्या दिवशी येऊन काम करून दाखवू शकते. बस. अर्धं पान.

बाबांनी ते वाचलं आणि लाल शाईची दौत उघडली.

“यात विनंती कुठे आहे?”

“अर्जच आहे ना तो, बाबा. अर्ज म्हणजे विनंतीच.”

“आणि ही साखर काहून आली यात? साहेबाला वाटेल, ही पोरगी आल्या आल्या आपल्याच चुका काढेल.”

“हिशेबनिसाचं कामच ते आहे.”

“काम लागल्यावर करायचं ते. आधी नम्र दिसायचं.”

दोन दिवस आमचं हेच चाललं. ते साखर खोडायचे, मी परत लिहायची. ते प्रार्थना टाकायचे, मी काढायची. आई पोळ्या लाटता लाटता ओरडायची. ती वर्ध्याकडच्या खेड्यातली. रागावली की तिची माहेरची बोली बाहेर यायची. “काहून भांडून राहिले तुमी दोघं? एवढं बोलण्यापेक्षा चालत जाऊन नोकरी मागून आली असती पोट्टी!” शेवटी तह झाला. साखर राहिली. खाकरणं आणि प्रार्थना पण राहिली. मी म्हटलं, जाऊ दे, म्हाताऱ्या माणसाचं मन. साखर वाचली ना, पुष्कळ झालं.

मग बाबा फेअर करायला बसले. त्यांची एक पद्धत होती, सचिवालयातली. पक्की प्रत झाली की ओल्या शाईवर टीपकागद ठेवायचा, तो तसाच राहू द्यायचा आणि खाली फक्त सहीची जागा उघडी ठेवून कागद साहेबापुढे सरकवायचा. साहेब वाचत नसत. बोट ठेवलं तिथे सही करत. हे बाबा मोठ्या अभिमानानं सांगायचे. त्या दिवशी मी भांडारात जायला निघाले होते, पायात चपला होत्या. बाबांनी टीपकागदासकट कागद माझ्यापुढे धरला, बोट ठेवलं आणि म्हणाले, “इथे.” मी सही केली. त्यांनीच तो पाकिटात घालून पोस्टात टाकला.

बोलावणं आलं! मे महिना, बाहेर आग पडत होती, आणि मी आईची निळी सुती साडी नेसून, डोक्याला ओढणी गुंडाळून सायकलनं कामठी रोडला गेले. कंपनीच्या दाराला खसाच्या ताट्या लावल्या होत्या आणि एक माणूस त्यांच्यावर पाणी मारत होता. आत गार वास येत होता. बाहेरच्या बाकावर पाच-सहा जण बसले होते, सगळी मुलं. मी एकटीच मुलगी. मला भीती नव्हती वाटत. खरं सांगते, मला वाटत होतं की ही नोकरी माझीच आहे.

मॅनेजर हिंदी बोलणारे, वयानं मोठे, शांत गृहस्थ होते. त्यांनी माझा अर्ज समोर ठेवला होता. साखरेबद्दल त्यांनी स्वतःहून विचारलं. कशी शोधली, कोणाला सांगितलं, भांडारातले लोक चिडले नाहीत का. मी सगळं सांगितलं. ते हसले. “अच्छा काम किया,” म्हणाले. मग त्यांनी कागदावर खाली बोट नेलं.

“तो बेटी, शादी कब है?”

“कोणाची?” मी विचारलं.

“आपकी. आपने लिखा है ना.” आणि त्यांनी वाचून दाखवलं, सावकाश, एक एक शब्द. मी विवाह होईपर्यंतच सेवा करीन, विवाहानंतर नोकरी करण्याचा माझा मुळीच मानस नाही, तरी आपण निश्चिंत असावे.

मी त्यांच्या हातातून कागद जवळजवळ ओढूनच घेतला. होतं. बाबांच्या छापल्यासारख्या अक्षरात, प्रार्थनेच्या बरोबर वर, एक पूर्ण नवं वाक्य होतं आणि खाली माझी सही होती.

“हे मी लिहिलेलं नाही,” मी म्हणाले.

“सही आपकी है?”

“सही माझी आहे.”

“तो फिर?” ते रागावले नव्हते. तेच वाईट होतं. “बेटी, एक साल तो काम सिखाने में जाता है. और जो अपना ही कागज बिना पढ़े साइन करे, उसको हम अपना कैश बुक कैसे दें?”

मी म्हटलं, मला एक कोरा कागद द्या, माझा अर्ज मी आत्ता, इथे, तुमच्यासमोर लिहून देते. ते म्हणाले, बाहेर और लोग बैठे हैं. झालं. त्या दुपारी मी कामठी रोडवरून घरी कशी आले ते मला आठवत नाही. तोंडानं एवढंच पुटपुटत होते, निश्चिंत असावे, निश्चिंत असावे. कोण निश्चिंत? कशाला निश्चिंत?

बाबा जेवून खाटेवर पडले होते. मी चपला न काढता आत गेले.

“ते वाक्य तुम्ही काहून टाकलं?”

ते उठून बसले. कोणतं, असं त्यांनी विचारलं नाही. “त्यात खोटं काय आहे? मसुद्यात वस्तुस्थिती लिहावी लागते.”

“वस्तुस्थिती माझी! मला विचारायची नाही?”

“तुला जग माहीत नाही, बेटा. बिनलग्नाची मुलगी नोकरी मागायला आली की लोक काय काय समजतात. चांगल्या घरची आहे, संसार करणार आहे, हे साहेबाला कळलं पाहिजे. मी तुझ्या भल्यासाठीच लिहिलं.”

मी भांडले, रडले, दोन दिवस जेवले नाही. आई ताट घेऊन मागे मागे फिरत होती. पण हळूहळू मला असं वाटायला लागलं की या माणसाला खरंच कळलं नसेल. चाळीस वर्षं साहेबासमोर खाकरत आलेला माणूस. त्याला वाटलं असेल, नम्रतेची आणखी एक ओळ टाकली तर काम होईल. मूर्खपणा म्हणावा, पण कपट म्हणू नये. राग थोडा निवला. मी परत त्यांच्यासाठी चहा ठेवायला लागले. आजही मला त्या चहाचा संताप येतो.

कारण महिन्याभरात चंद्रपूरकडचं एक स्थळ आलं. नोकरी लागली नव्हती, तेव्हा बाबांचा शब्दही उरला नव्हता. आईनं कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळल्या, शेजारून खुर्च्या आणल्या. मुलगा ओव्हरसीयर. त्याचे वडील, आई आणि एक आत्या. मुलगा खाली बघून वड्या खात होता, त्याच्याविषयी मला आणखी काही सांगता येणार नाही. मी ट्रे घेऊन आले तेव्हा मुलाची आई बाबांना म्हणत होती, “तेवढं एक पक्कं सांगा. आम्ही होळीलाच तुम्हाला लिहिलं होतं, नोकरी करणारी सून आम्हाला नको म्हणून. तुमची मुलगी तर कुठे हिशेब लिहायला जाते म्हणे.”

होळीला! जाहिरात आली होती होळीनंतर दीड-दोन महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात.

बाबा उठले. एवढे खुशीत मी त्यांना बरेच दिवस पाहिले नव्हते. “त्याची चिंताच करू नका. मुलीनं तसं लेखी दिलेलं आहे,” म्हणाले, आणि कपाटातून एक कागद काढून त्यांनी मुलाच्या वडिलांच्या हातात दिला. माझा अर्ज. त्यांनी त्याची दुसरी प्रत करून ठेवली होती, ऑफिसात करतात तशी. माझ्या सहीच्या जागी ‘सही’ असा शब्द, आणि कोपऱ्यात ‘खरी नक्कल’ लिहून खाली बाबांची स्वतःची झोकदार सही. मुलाच्या वडिलांनी ते वाक्य मराठी करून मोठ्यानं वाचलं. ‘मुळीच मानस नाही’ वर आले तेव्हा मुलाच्या आईनं मान डोलावली. “वा! किती समजदार आहे हो पोरगी,” आत्या म्हणाली.

तर असं होतं ते. तो अर्ज कंपनीला लिहिलेलाच नव्हता. तो या खुर्च्यांवर बसलेल्या लोकांना लिहिलेला होता. मला शब्द देताना, चष्मा पुसताना, साखरेवरून माझ्याशी दोन दिवस वाद घालताना बाबांना सगळं माहीत होतं. मी निळी साडी नेसून उन्हात गेले तेव्हा त्यांना माहीत होतं की मी हात हलवत परत येणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ट्रे खाली ठेवला, एकही कप हिंदकळू न देता.

“हे वाक्य माझं नाही,” मी म्हणाले. “बाबांचं आहे. माझी सही त्यांनी कागद झाकून घेतली. मी लग्नाआधी नोकरी करणार आहे आणि लग्नानंतरही करणार आहे. पटत असेल तर वड्या खा, नाही तर तुमची बस साडेपाचला सुटते.”

“माय वं!” आत्या म्हणाली. “जबान तर पाहा पोट्टीची!”

ते गेले. उरलेल्या वड्या तशाच राहिल्या. आई दारात बसून रडत होती आणि बाबा भिंतीकडे बघत होते. तिकडे बघतच म्हणाले, “चार परक्या लोकांत माझ्या सहीवर बोट ठेवलंस तू.”

“आणि तुम्ही माझ्या सहीवर काय ठेवलं होतं?” मी म्हणाले. “टीपकागद!”

त्यानंतर आम्ही बोलत नव्हतो. ‘जेवायला वाढलंय’, ‘पाणी आलंय’, तेवढंच, तेही आईच्या मार्फत. पावसाळ्यात मला कळलं की गांधीबागेतल्या एका औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याला हिशेबाला माणूस पाहिजे. मी भांडारातच बसून अर्ज लिहिला. कच्चा नाही, पक्का नाही, एकदाच लिहिला. त्याचं पहिलं वाक्य होतं, ‘मला हिशेब ठेवता येतो आणि हे काम मला पुष्कळ वर्षं करायचं आहे.’ खाकरणं नाही, प्रार्थना नाही. वाचला, सही केली, परत वाचला आणि स्वतः नेऊन दिला. व्यापाऱ्यानं मला तिथल्या तिथे मागच्या महिन्याची बिलं जुळवायला बसवलं. संध्याकाळी म्हणाला, उद्यापासून ये.

घरी सांगितलं तेव्हा आईनं साखर आणली. बाबा अबोला मोडून एवढंच म्हणाले, “अर्ज कोणी लिहून दिला?”

“मी लिहिला.”

“मसुदा दाखव.”

“नाही.”

काही वर्षांनी मी लग्न केलं, माझ्या पसंतीनं, आणि लग्नाच्या चौथ्या दिवशी कामावर गेले. बाबा लग्नाला आले, अक्षता टाकल्या, जावयाशी चांगलं बोलले. आमचं बोलणं पुढे सुरू झालं, सणवार झाले, माझ्या मुलीला त्यांनी खांद्यावर घेऊन फिरवलं. लोक म्हणतात, बापाला माफ कर, जुनी माणसं तशीच असायची. मी नाही केलं. जुनी माणसं तशी असायची म्हणजे काय? शब्द देणं म्हणजे काय हे जुन्या माणसांना कळत नव्हतं? उलट तेच आम्हाला शिकवायचे.

आणि तो अर्ज बाबांच्या डोक्यातून गेला नाही. गल्लीतल्या पोरांचे अर्ज ते लिहीत राहिले, त्यातल्या बऱ्याच पोरांना काही लागलं नाही, आणि दर दिवाळीला मला विचारत राहिले. “एकदा दाखव तो. चुका काढणार नाही. फक्त वाचतो.” मी विषय बदलायची. शेवटी त्यांनी अंथरूण धरलं. हात थरथरायचा, पेन धरता येत नव्हतं, त्याचं त्यांना सगळ्यात दुःख होतं. एका दुपारी मी ऑफिसातून अर्धी रजा घेऊन त्यांच्याजवळ बसले होते. आई औषध आणायला गेली होती. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं ती गल्लीतली पोरं त्यांच्याकडे बघायची.

“सगळा नको,” म्हणाले. “पहिलं वाक्य तरी सांग. सुरुवात काय केली होतीस?”

पहिलं वाक्य मला पाठ होतं. मी चमच्यानं त्यांना पाणी पाजलं, तोंड पुसलं, उशी सारखी केली, आणि सांगितलं नाही.